गौरीच्या मापाचा ब्लाऊज

मंडळी, ऐका! टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगमहाराज, तुम्हीही हात सैल सोडा, तुमचं काम शेवटी आहे आणि ते मोठं आहे! आधी मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. माणसानं एखादी गोष्ट करायची, ती बघणाऱ्यासाठी करायची, की वापरणाऱ्यासाठी?

बोला की! कुणीच नाही? बरं, ते नाना बसलेत खांबाला टेकून, त्यांनाच विचारते. नाना, यंदा घराला रंग दिलात ना? कुठला? — आकाशी! वा! आणि मागच्या भिंतीला? — राहिला! हसू नका, हसू नका, अर्ध्या गावाची मागची भिंत राहिलेली निघेल! रस्त्यानं जाणाऱ्याला दिसते पुढची भिंत. आणि ओल येते मागच्या भिंतीतून. ती कुणाच्या अंथरुणाला लागते? रस्त्यानं जाणाऱ्याच्या? नानांच्याच!

तर असा हा प्रश्न आहे. जगाला दिसतं ते वेगळं, अंगाला लागतं ते वेगळं. यातलं देवाला काय पोचतं? मी सांगणार नाही. मी नुसती उभी आहे इथं वीणा घेऊन. उत्तर देईल कुंदा पोरे.

कोण ही कुंदा? राणी नाही, ऋषिपत्नी नाही. शिंपीण आहे! आणि आजचं आख्यान आहे ब्लाऊजचं. — बघा! ब्लाऊज म्हटल्याबरोबर सगळ्या बापेमाणसांच्या माना खाली! अहो, आरतीच्या वेळी कधी इतकी मान वाकली नाही तुमची! वर बघा. बाई कीर्तनाला बोलावलीत, तर बाई बाईचं बोलणारच. कापडाचीच गोष्ट आहे, लाजायचं काय त्यात?

विट्यात एका बोळात कुंदाचं शिलाईचं दुकान. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, एक टेबल, भिंतीला आरसा. तिचे वडील अण्णा, तेही शिंपी. त्यांनी लेकीच्या हातात कात्री दिली ती दोन गोष्टी शिकवून. पहिली गोष्ट, शिवताना आतल्या बाजूला शिलाईत दोन बोटं कापड जादा सोडायचं. उद्या अंग भरलं, तर उसवून सैल करता आलं पाहिजे. शिंपी लोक त्या जादा कापडाला माया म्हणतात. — थांबा, थांबा! आता ही बाई मायेवर घसरणार आणि तासभर वेदान्त सांगणार, असं वाटलं ना तुम्हाला? काही जण सरसावून बसले, काही जण चपला शोधायला लागले! नाही हो. आज शिलाईवरच राहू.

आणि दुसरी गोष्ट — हात वर! अण्णांकडे गिऱ्हाईक कपडा घालून बघायला आलं, की अण्णा त्याला आरशाकडे वळूच द्यायचे नाहीत. म्हणायचे, "हात वर करा!" नवरदेव असो, पोलीसपाटील असो, हात वर! "आता माळ्यावरनं डबा काढल्यागत करा. आता वाका. आता पोरगं काखंत घेतल्यागत करा." पोलीसपाटलाला! काखेत पोरगं! पाटील म्हणायचे, "अण्णा, सदरा शिवायला आलोय, तमाशात उभं राहायला न्हाई!" अण्णा ऐकायचे नाहीत. "पाटील, कपडा आरशापुढं घालायचा नसतोय. दिवसभर घालायचा असतोय." असे अण्णा. ते गेले, पण कुंदाच्या दुकानात बाई आली की हात वर केल्याशिवाय ब्लाऊज घेऊन बाहेर पडायची नाही.

आता कुंदाच्या हाताचं काय सांगू! तिची खासियत म्हणजे गळा. गाण्याचा नव्हे हो, ब्लाऊजचा मागचा गळा! खणाचं कापड घेऊन पाठीवर असं पिंपळपान काढायची, की वाटावं आत्ता हलेल. देव्हाऱ्याची महिरप काढायची, तुळशीवृंदावन काढायची. बाई पुढं गेली तरी मागच्या बायका तिच्या पाठीकडे बघत राहायच्या. डोक्यात रोज नवं काहीतरी! रांगोळी बघितली की गळा दिसायचा, देवळाचा दरवाजा बघितला की गळा दिसायचा.

पण नाव कुणाचं? शहरातले एक शेठ होते, मोठं दुकान, काचेची दारं. ते कुंदाकडून ब्लाऊज शिवून न्यायचे आणि आत स्वतःच्या नावाची पट्टी लावायचे. कुंदाला मजुरी मिळायची, वेळेवर मिळायची. शेठ काही वाईट माणूस नव्हता. पण एकदा कुंदा एका लग्नाला गेली. जेवणाचं ताट हातात, आणि समोर नवरी पाठमोरी. पाठीवर कुंदाचं पिंपळपान! एक बाई नवरीला विचारतेय, "अगंबाई, कुठनं शिवलास?" नवरीनं शेठच्या दुकानाचं नाव सांगितलं. त्या पोरीचा काय दोष? तिला काय ठाऊक? पण कुंदानं ताट तसंच खाली ठेवलं. दुखलं. खोटं कशाला सांगू, लई दुखलं तिला! त्या दिवशी तिनं मनात एकच गोष्ट धरली — एकदा तरी माझ्या हातच्या कपड्यावर माझं नाव असावं. एवढंच! तुम्ही मंदिराच्या फरशीवर स्वतःचं नाव कोरून घेता, तिनं ब्लाऊजच्या आत बोटभर पट्टी मागितली. जास्त मागितलं का?

तिची धाकटी जाऊ होती शीतल. चुणचुणीत! मोबाईल हातात घेतला की बोटं अशी चालायची, आपल्या पेटीवाल्यांना लाज वाटावी. — रागावू नका हो पेटीवाले! — ती म्हणाली, "अक्का, शेठ कशाला पायजे? आपण मोबाईलवर दुकान मांडू. फोटो टाकू. नाशिकची बाई बघंल, नागपूरची बघंल. पट्टी तुझ्या नावाची!"

"माझ्या नावाची?"

"तुझ्याच! 'कुंदा' एवढंच. झोकात!"

कुंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. शीतलनं खरंच पट्ट्या विणून आणल्या. लाल पट्टीवर पिवळ्या दोऱ्यानं नाव. कुंदानं त्या बांगड्यांच्या डब्यात ठेवल्या आणि येता-जाता डबा उघडून बघायची.

आता फोटो काढायचा. ब्लाऊज हँगरला लावला. काय दिसावं! वाळत घातलेलं फडकं बरं! शीतल म्हणाली, कुणाच्या तरी अंगात पाहिजे. कुणाच्या? कुंदा म्हणाली, "मी न्हाई बाई उभी राहणार." शीतल म्हणाली, "मी फोटो काढू का उभी राहू?" शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, "माझी पाठ सगळ्या मुलखाला दावायची? ह्यांनी बघितलं तर?" अहो बाई, ह्यांनीच तर बघायची राहिली असेल! असो. कुणी तयार होईना.

आणि मग शीतलची नजर गेली माळ्यावर. माळ्यावर काय होतं? ओळखा! भाद्रपदात आपल्या घरी कोण येतं? गौरी! मुखवटे पेटीत, नीट कापसात गुंडाळलेले. पण ज्यावर आपण गौर उभी करतो, ते लोखंडी स्टँड, त्याचे ते लोखंडी हात, त्यावरचं ते कापडी धड, ते वर्षभर कुठं असतं? माळ्यावर! शीतल म्हणाली, "अक्का, हिच्यासारखी उभी राहणारी कोण मिळणार? हलत न्हाई, बोलत न्हाई, नवऱ्याला विचारायला लागत न्हाई!"

कुंदा कचरली. "अगं, देवाचं हाय ते."

"मुखवटा देवाचा. हे बाजारातनं आणलेलं लोखंड हाय."

काय करायचं? कुंदानं आधी हात जोडले, मग स्टँड पुसलं, मग ब्लाऊज चढवला. आणि मंडळी, काय रूप आलं! वर इरकल नेसवली, पाठ उघडी, खिडकीतनं ऊन आलेलं, आणि पाठीवर पिंपळपान. फोटो गेला आणि बायका तुटून पडल्या! 'अय्या किती गोड!' 'ताई, माप कसं पाठवायचं?' 'मला अस्साच हवा, फोटोतल्यासारखाच!'

फोटोतल्यासारखाच! या शब्दाकडे लक्ष ठेवा. इथंच गोष्टीचं चाक रुतलंय.

कारण गौरीचं धड असतं सडपातळ. दिवसभर भांडी घासलेली नाहीत तिनं, बाळंतपण नाही, दंड भरलेले नाहीत. ब्लाऊज चढवला की बगलेजवळ आतली ती दोन बोटं माया फुगून दिसायची. शीतल म्हणाली, "अक्का, इथं बघ, फुगलंय. फोटोत वंगाळ दिसतंय." कुंदानं कात्री घेतली आणि माया कापून टाकली. आता बसला! मुंडा, म्हणजे बाहीची जागा, तो जरा आत घेतला. आणखी बसला! एक सुरकुती नाही. फोटो आणखी देखणा. ऑर्डरी आणखी आल्या. मग कुंदा सगळेच ब्लाऊज तसे कापायला लागली. बायकांना फोटोतल्यासारखाच पाहिजे होता ना! आणि आतलं कुणाला दिसतंय?

आता मला सांगा, माप बाईंचं होतं. छाती, कंबर, बाही, सगळं त्यांनी मोजून पाठवलं होतं. मग चुकलं कुठं? अहो, गौर हात वर करते का? गौर वाकते का? काखेत पोरगं घेते का? जिला हात वर करायचाच नाही, तिच्या अंगावर बसवून बसवून ही बाई शिवत होती, आणि घालणार होती ती, जिला पहाटेपासून हात खाली घ्यायला फुरसत नाही! अण्णांची लेक, आणि 'हात वर करा' विसरली! कारण समोर हात वर करायला बाईच नव्हती. फोटो होता.

बार्शीला एक मुलगी होती, ऋतुजा. शाळेत शिकवायची. तिला दिवस गेले होते, चौथा महिना लागला होता. तिची आई आदल्या वर्षी वारलेली. आईची एक अबोली इरकल साडी होती, जुनी, नेसून नेसून मऊ झालेली. ऋतुजानं त्या साडीचा पदर कुंदाला पाठवला. निरोप असा — 'कुंदाताई, सातव्या महिन्यात माझं डोहाळजेवण आहे. आई नाही. तिचा पदर पाठीवर असावा असं वाटतं. त्यावर तुमचं तुळशीवृंदावन काढून द्या.'

वाचलं का कुंदानं? वाचलं! डोळे पुसून वाचलं! आणि चौथ्या महिन्याच्या मापानं, गौरीच्या अंगावर बसवून, माया न ठेवता ब्लाऊज कापला. पोरगी सातव्या महिन्यात घालणार म्हणतेय, आणि ही आत बोटभर कापड ठेवत नाही! चुकते बाई, चुकते. वाईट मनानं नाही चुकली. सगळ्यांनी वा वा केली की चुकते, तशी चुकली. त्या ब्लाऊजचा फोटो तर सगळ्यांत गाजला. शीतलनं शेजारणीला बोलावून बोलावून दाखवला.

मग एक दिवस दुपारी शीतल माजघरातनं आली. चेहरा पडलेला. "अक्का, हे बघ." ऋतुजानं त्याच फोटोखाली लिहिलं होतं, सगळ्यांना दिसेल असं — 'फोटोत सुंदर आहे. अंगात येत नाही. हूक लागत नाहीत, हात वर होत नाही. इथल्या शिंप्याकडे सैल करायला नेला, त्यानं उसवून बघितलं तर आत कापडच नाही. माझ्या आईचा पदर होता हो तो.'

आणि त्याखाली दुसरी. 'माझाही बगलेत फाटला.' तिसरी. 'मलाही आवळतो, पण बोलले नव्हते.' बायका बोलायला लागल्या, मंडळी!

शीतल म्हणाली, "अक्का, पुसून टाकू. बोट दाबलं की गेलं. कुणाला कळणारबी न्हाई."

आता तुम्ही सांगा. पुसावं का? — काय म्हणता आजी? पुसू नये? बाकीच्यांचं काय? पुसू नये! वा! देवळात बसलं की सगळे हरिश्चंद्र! घरी जाऊन बघा, कोण काय काय पुसतंय! सुनेनं म्हटलं 'भाजी खारट झाली', की आपण काय म्हणतो? 'तुझ्या माहेरी अळणी खात असतील!' हेही पुसणंच झालं की!

आणि नेमका त्याच वेळी शेठचा फोन. वेळ बघा! "कुंदाबाई, ऐकलं मी. होतं असं. तुमचा हात चांगला आहे, हे उपद्व्याप तुमचे नाहीत. ते पेज बंद करा, या परत. नावाचं काय घेऊन बसलात?"

कुंदा म्हणाली, "शेठ, उद्या सांगते."

फोन ठेवला. बांगड्यांचा डबा उघडला. लाल पट्ट्या तशाच गुंडाळून ठेवलेल्या. पेज बंद केलं तर नाव गेलं, शेठची पट्टी जन्माला चिकटली. पुसून टाकलं तर नाव राहील. पण कसलं नाव? त्या पोरीच्या आईचा पदर वाया घालवणारीचं! कुंदानं खिडकीजवळच्या स्टँडकडे बघितलं. अंगात नवाकोरा ब्लाऊज, एक सुरकुती नाही, दोन्ही हात खाली सोडलेले. आणि तिच्या कानात अण्णा बोलले — हात वर करा!

तिनं स्टँडचा हात धरून वर करून बघितला. हलला नाही. कसा हलेल? लोखंड! कुंदा रडली. म्हणाली, "शीतल, मी बाईसाठी शिवतच न्हवते गं. मी फोटोसाठी शिवत हुते."

शीतल म्हणाली, "अक्का, फुगलंय म्हणून मीच बोलले हुते. चूक माझीबी हाय."

"कात्री माझ्या हातात हुती." असं म्हणून कुंदानं फोन घेतला आणि बार्शीला लावला. आधी कुणी उचलेना. मग उचलला.

"मी विट्यास्नं कुंदा पोरे बोलतेय."

पलीकडून पोरगी तडकलीच! "आता काय? लिहिलेलं काढा म्हणून सांगताय का? नाही काढणार मी!"

"काढू नका. ऱ्हाऊ दे. खरं हाय ते."

 पोरीला भांडायचं होतं, आणि भांडायला समोर कुणी उभंच राहिलं नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "माझंच अंग सुटलं जरा..."

"न्हाई बाई! अंग सुटलं म्हणू नका. लेकरू वाढतंय, तुम्ही वाढायलाच पायजे हुतं. जागा मी ठेवली न्हाई. डोहाळजेवण कधी हाय?"

"परवा."

"मी येते."

"येते म्हणजे? आता त्यात काय होणार आहे? कापडच नाही ना!"

मंडळी, कापड होतं! अण्णांची एक रीत कुंदानं मोडली, पण एक मोडायची राहून गेली होती. गिऱ्हाइकाच्या कापडाची कातरण फेकायची नाही. कपडा वर्षभर अंगात रुळेपर्यंत जपून ठेवायची. का? कधी ठिगळ लागलं तर त्याच रंगाचं, त्याच जुनेपणाचं कापड कुठून आणणार? माया ठेवली नव्हती ना, तेवढं कापड कातरणीच्या गाठोड्यात होतं. आईच्या पदराच्या अबोली चिंध्या! कुंदानं त्या इस्त्री करून पिशवीत घातल्या, कात्री घेतली, सुई घेतली. आणि निघायच्या आधी त्या कमेंटखाली शीतलला लिहायला सांगितलं — 'चूक माझी आहे. ज्यांना ज्यांना आवळतंय, त्यांनी परत पाठवा, मी नीट करून देते. कुंदा.'

शीतल घाबरली. "अक्का, सगळेच परत आले तर?"

"आले तर शिवीन. बसून करायचंय काय?"

दोन एसट्या बदलून कुंदा बार्शीला पोचली. दारात ऋतुजा उभी, पोट पुढं आलेलं, चेहरा रुसलेला. पाणी दिलं, पण हसली नाही. कुंदानं ब्लाऊज मागितला, पहिल्यांदा आतली स्वतःच्या नावाची लाल पट्टी उसवली आणि आपल्या पदराच्या गाठीला बांधली. ऋतुजा बघत होती. 

मग कुंदानं दोन्ही बगला उसवल्या. अबोली चिंधीची कळी कापली. कळी म्हणजे बगलेत घालायचा तिकोनी तुकडा, त्यानं हाताला मोकळीक येते. दोन्हीकडं कळ्या बसवल्या, बाजूला पट्ट्या जोडल्या, आणि आत पुन्हा दोन बोटं माया सोडली. जोड दिसत होते बरं का! एक सुरकुती नाही असं आता राहिलं नव्हतं. फोटोत कुणी बघितलं असतं तर नाक मुरडलं असतं.

"घाला," कुंदा म्हणाली.

ऋतुजानं घातला आणि सवयीनं आरशाकडे वळली. कुंदा मध्ये उभी राहिली!

"आरसा नंतर. हात वर करा."

"काय?"

"हात वर करा. माळ्यावरनं डबा काढल्यागत."

पोरीनं एक हात उचलला. घाबरत. मग दुसरा. दोन्ही हात डोक्याच्या वर गेले! काही आवळलं नाही, काही उसवलं नाही. "आता केसांत गजरा माळल्यागत करा." केलं. "आता लेकरू घेतल्यागत करा." ऋतुजानं रिकामे हात छातीशी आणले, आणि मंडळी, तिला रडू फुटलं! म्हणाली, "आई असती तर तिनं हेच बघितलं असतं हो. तिनं आरसा नसता दाखवला."

दुसऱ्या दिवशी डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा. कुंदा पिशवी घेऊन निघाली होती. ऋतुजानं हाताला धरलं. "ओटी आईनं भरायची असते. तुम्ही भरा."

"मी? मी परकी बाई..."

"माझ्या अंगावर आईचा पदर तुम्ही नीट बसवलात. परकी कशी?"

कुंदानं ओटी भरली. समोर झोपाळ्यावर ती पोरगी, अंगानं भरलेली, दमलेली, हसणारी, एक हात वर करून कानाजवळचं फूल सावरतेय. कुंदाला वाटलं, आपण मुखवट्याशिवायच्या लोखंडाला हात जोडत होतो, आणि गौर ही बसलीये इथं! तीन दिवस माहेरपणाला येते म्हणतो आपण जिला, ती हीच की! हिच्या मापाचं शिवायचं सोडून मी कुणाच्या मापाचं शिवत होते?

निघताना ऋतुजानं विचारलं, "ताई, ती लाल पट्टी का काढलीत?"

"हात वर होत न्हवता. त्याच्यावर नाव कसं ठेवू?"

"आता होतोय ना? मग लावा!" आणि तिनं पाठीवरचा पदर बाजूला करून पाठ पुढं केली. कुंदानं पदराची गाठ सोडली, पट्टी घेतली. मागच्या गळ्याशी नाही लावली. बगलेत, त्या कळीच्या कडेला लावली, जिथं फक्त घालणारीलाच कळेल. दारात उभ्यानं, दातांनी दोरा तोडून!

पुढं काय झालं? परत आले की ब्लाऊज! सगळे नाही, पण आले. कुंदानं एकेकाला कळी घातली, एकेकाला माया जोडली. शेठला फोन करून सांगितलं, "शेठ, तुमचा मान हाय, पण आता न्हाई." शेठ म्हणाला, "बघा बुवा." राग नव्हता त्याच्या बोलण्यात, जरा वाईट वाटलं असेल.

आणि फोटो? शीतल म्हणाली, "अक्का, आता कुणाच्या अंगात घालायचं?" तेव्हा तीच शेजारीण आली, जिनं पाठ दाखवायला नाही म्हटलं होतं! मोबाईलवर सगळं वाचत होती ना! म्हणाली, "मला आवळत न्हाई असा शिवशील, तर काढ फोटो. ह्यांनी बघितलं तर बघितलं!" आता कुंदाचं पेज उघडा, मंडळी. एकही बाई हात खाली सोडून उभी नाही. कुणी दोरीवर धुणं घालतेय, कुणी माळ्यावरनं डबा काढतेय, कुणी नात काखेत घेतलीये. बगलेत सुरकुत्या दिसतात, जोड दिसतात. आणि प्रत्येक कपड्याचा एक फोटो उलटा करून, आतली माया दाखवून! पहिल्यासारखी झुंबड नाही. पण एकदा घेणारी पुन्हा येते, बहिणीला घेऊन येते. ऋतुजाची ती कमेंट अजून तिथंच आहे. पुसलेली नाही. त्याखाली तिनंच पुढं लिहिलंय — 'आता हात वर होतो.' आणि बाळाचा फोटो!

आणि भाद्रपदात स्टँड पुन्हा माळ्यावरून उतरलं. मुखवटा बसवला. कुंदानं गौरीला नवा ब्लाऊज शिवला, त्यात आत दोन बोटं माया. शीतल हसली. "अक्का, ती काय अंगानं भरणाराय?" कुंदा म्हणाली, "असू दे. तिलाबी कधी हात वर करावा वाटला तर?"

तर मंडळी! उत्तर मिळालं का? आता गोष्ट विट्याची नाही, आता गोष्ट तुमची! तुम्ही काय शिवताय रोज? पाहुणे आले की गोड बोलता, आणि घरच्या बाईशी? फोटोसाठी म्हाताऱ्या आईच्या खांद्यावर हात टाकता, आणि फोटो निघाला की हात काढता! सुनेला आणलंत, तिच्या मापाची जागा ठेवलीत का घरात, की गौरीच्या मापाची ठेवलीत — हलू नको, बोलू नको, छान दिस? मलाही विचारा! मी इथं दिवे लागल्यावर गोड गोड बोलते, घरी गेल्यावर काय बोलते ते माझ्या सुनेला विचारा! ती बसलीये तिथं मागं. हसतेय बघा!

देव फोटो बघत नाही हो. तो उसवून आत बघतो, की या माणसानं दुसऱ्याला वाढायला काही जागा सोडलीये का. नसेल सोडली, तर घाबरू नका! कातरण अजून घरातच असेल. फेकली नसेल. बसा, उसवा, कळी घाला. जोड दिसू देत. जोड दिसल्याची लाज नाही.

चला! मृदंगमहाराज, आता तुमची पाळी! नाना, खांब सोडा, उभे राहा! आजी, बसल्या जागी चालेल! आरशात नाही बघायचं, शेजाऱ्याकडे नाही बघायचं. विठ्ठलाचं नाव घ्यायचं, आणि दोन्ही हात — वर! आणखी वर! जिथं आवळेल, तिथंच घरी जाऊन उसवायचंय, ध्यानात ठेवा! म्हणा — विठ्ठल! विठ्ठल! विठ्ठल!